मलेरियाच्या परजीवीतलं लोह आणि ऑक्सिडेटिव्ह ताण: मोजायचं कसं, वाचायचं कसं

प्लाझमोडियम फाल्सिपॅरम या मलेरियाच्या परजीवीतलं लोह आणि ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या जहाल रूपांमुळे पेशीवर येणारा ताण, यावर काम करायचं म्हणून कुणी माझ्याकडे आलं, की मी आधी विचारते: कुठलं लोह? बहुतेकांना प्रश्न विचित्र वाटतो. पण पुढच्या सगळ्या चाचण्या या उत्तरावर ठरतात, म्हणून तो सुटल्याशिवाय मी कल्चर लावायला देत नाही.

लागण झालेल्या लाल पेशीत लोह चार रूपांत असतं. पहिलं हिमोग्लोबिनमधलं. लाल पेशीत हिमोग्लोबिन सुमारे ५ मिलिमोलर असतं आणि त्याच्या दर रेणूत चार हीम (प्रत्येकी एक लोहाचा अणू धरणारी वलयं), म्हणजे हीममधलं लोह सुमारे २० मिलिमोलर. दुसरं, परजीवीनं हिमोग्लोबिन पचवल्यावर त्याच्या पचन-रिक्तिकेत सुटलेलं हीम. तिसरं, त्याच हीमचे स्फटिक, म्हणजे हिमोझॉइन. वाढलेल्या ट्रोफोझॉइटमधल्या (परजीवीच्या मधल्या, खादाड अवस्थेतल्या) लोहापैकी सुमारे ९५ टक्के लोह या स्फटिकांत बंद असतं. आणि चौथं लेबाइल लोह, म्हणजे लहान रेणूंना सैल धरून असलेलं, किलेटरच्या, म्हणजे धातू पकडून ठेवणाऱ्या रेणूच्या, हाती लागणारं लोह. ते फक्त काही मायक्रोमोलर.

आता भागाकार करून पाहा. २० मिलिमोलर आणि २ मायक्रोमोलर यांच्यात दहा हजार पटींचं अंतर आहे. नमुना तयार करताना दर दहा हजार हीमपैकी एकातलं लोह सुटलं, तरी लेबाइल लोहाचा आकडा दुप्पट दिसेल आणि परजीवीत मात्र काहीच बदललेलं नसेल. या कामातल्या जवळजवळ सगळ्या फसव्या निकालांचं मूळ या एका भागाकारात आहे.

रसायन, कामापुरतं

हिमोग्लोबिनमधलं लोह फेरस (Fe²⁺) असतं. परजीवी लाल पेशीतलं ६० ते ८० टक्के हिमोग्लोबिन गिळून आम्लधर्मी रिक्तिकेत नेतो. तिथला पीएच साधारण ५.२ ते ५.५ असतो. तिथं लोह फेरिक (Fe³⁺) होतं आणि त्याचा एक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जाऊन सुपरऑक्साइड तयार होतं. सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. पेरॉक्साइडला फेरस लोह भेटलं, की फेंटन अभिक्रियेतून हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतो आणि जिथं जन्मतो तिथंच समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो.

या परजीवीकडे कॅटालेज नाही. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजही नाही. जनुकाच्या क्रमावरून तसं वाटणारं एन्झाइम मुख्यतः थायोरेडॉक्सिनवर चालतं. त्याचा भरवसा पेरॉक्सिरेडॉक्सिनांवर, ग्लुटाथायोनवर आणि या दोन्ही यंत्रणांना एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन देणारा रेणू) पुरवणाऱ्या पेंटोज फॉस्फेट मार्गावर आहे. यजमान पेशीतलं पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ सुद्धा तो आत ओढून वापरतो. त्याची सुपरऑक्साइड डिस्म्युटेज दोन, एक पेशीद्रवातली आणि एक मायटोकाँड्रियातली, आणि दोन्ही लोहावर चालणाऱ्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. लोह काढून घेतलं तर फेंटनचं इंधन घटेल हे खरं, पण सुपरऑक्साइड हटवणारं एन्झाइमही उपाशी राहू शकतं. लोह कमी केल्यावर ताण कमीच होईल असं आधीच धरून बसलात, तर निकाल उलटा आल्यावर तो तुम्हाला चूक वाटेल आणि तुम्ही तो फेकून द्याल.

रक्त आणि मीडियम

कल्चरची मूळ पद्धत ट्रेगर आणि जेन्सन यांची, १९७६ सालची, आणि तिचा सांगाडा अजून तोच आहे: आरपीएमआय १६४०, मानवी लाल पेशी, ३७ अंश सेल्सिअस, कमी ऑक्सिजन. ती इथं पुन्हा सांगत नाही. मानवी रक्त हाताळण्याचे जैवसुरक्षेचे नियम आणि सुया-काचांपासून दूर राहण्याची शिस्त तुम्हाला माहीत आहे असं धरते. रेडॉक्सच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीच्या, कामासाठी ज्या गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, तेवढ्याच सांगते.

माझ्या वहीत प्रत्येक प्रयोगाचं पहिलं पान रक्ताचं असतं. दात्याचा सांकेतिक क्रमांक, रक्त काढल्याची तारीख, जी६पीडी (एनएडीपीएच बनवणारं एन्झाइम) तपासणीचा निकाल, आणि मिळाला तर फेरिटिनचा (लोहाच्या साठ्याचा) आकडा. जी६पीडीची कमतरता असलेल्या लाल पेशीत एनएडीपीएच कमी पडतं, म्हणजे तुम्ही सुरुवात करण्याआधीच तिथं ताण असतो. लोहाची कमतरता असलेल्या दात्याच्या पेशींत परजीवीची वाढ मंदावते, हे प्रयोगशाळेत दाखवलं गेलं आहे. साठवणीतल्या रक्तात दिवसागणिक ग्लुटाथायोन घटतं आणि मेथहिमोग्लोबिन वाढतं. कंट्रोल एका पिशवीतलं रक्त वापरून आणि औषधाची बाजू दुसऱ्या पिशवीतलं वापरून केली असेल, तर तुम्ही दोन पिशव्यांची तुलना केली आहे. मी दोन आठवड्यांपेक्षा जुनं रक्त रेडॉक्स मोजण्याला वापरू देत नाही. वाढ टिकवायला ते चालतं.

आरपीएमआय १६४० च्या मूळ सूत्रात लोहाचा क्षार नाही, ही सोयीची बाब. पण दर लिटरमागे १ मिलिग्रॅम रिड्यूस्ड ग्लुटाथायोन आहे, फिनॉल रेड आहे आणि रायबोफ्लेविन आहे. रायबोफ्लेविन आणि हेपेस एकत्र असलेलं मीडियम उजेडात राहिलं, की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. बाटली अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा आणि हूडमध्ये दिव्याखाली तासन्‌तास उघडी ठेवू नका. काही जण मीडियममध्ये पायरुव्हेट घालतात. ते पेरॉक्साइड गिळून टाकतं, तेव्हा आपल्या पाककृतीत ते आहे का ते पाहून घ्या. सीरमऐवजी अल्ब्युमॅक्स वापरत असाल, तर एका मालिकेतले सगळे प्रयोग एकाच लॉटवर करा. अल्ब्युमिन धातूंना बांधतं, आणि हीमला तर फारच घट्ट बांधतं.

ऑक्सिजन किती, हेही लिहा. वायूचं मिश्रण साधारण ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ९० टक्के नायट्रोजन असं असतं. प्लेट इनक्युबेटरबाहेर काढून प्लेट रीडरमध्ये ठेवलीत, तर परजीवी २१ टक्के ऑक्सिजनमध्ये येतो. वीस मिनिटांची मोजणी आणि दोन तासांची मोजणी यांतला फरक कधीकधी फक्त या हवेचा असतो. कंट्रोलला हवा तेवढाच वेळ लागली पाहिजे.

परजीवीचं वय सगळ्यात महत्त्वाचं. ४८ तासांच्या चक्रात रिंग, ट्रोफोझॉइट आणि शायझॉन्ट या क्रमानं येणाऱ्या अवस्थांची लोहाची गरज आणि हीमचा ओघ अगदी वेगळा असतो. रिंगमध्ये हिमोग्लोबिनचं पचन थोडं, ट्रोफोझॉइटमध्ये जोरात. मिश्र कल्चरवर काढलेला एकच सरासरी आकडा कुणाचाच नसतो. ५ टक्के सॉर्बिटॉलनं परजीवी समकालीन, म्हणजे एकाच वयाचे, करण्याची पद्धत १९७९ पासून आहे आणि ती उत्तम चालते, पण सॉर्बिटॉलचा धक्का हाही ताणच. मी सॉर्बिटॉलनंतर एक पूर्ण चक्र जाऊ देते, मग मोजते. औषधाची बाजू कंट्रोलपेक्षा मागे राहिली का, हे मोजणीच्या क्षणीच स्मिअर करून (काचपट्टीवर थेंब पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली) पाहा. औषधानं वाढ सहा तासांनी मागे टाकली असेल, तर 'हीम कमी झालं' याचा अर्थ एवढाच असू शकतो की परजीवी वयानं लहान आहे.

मायकोप्लाझ्माची तपासणी नियमित करा. मायकोप्लाझ्मा स्वतः पेरॉक्साइड बनवतं.

धातूमुक्त टेबल

एकूण किंवा लेबाइल लोह मोजायचं असेल, तर टेबलाचा एक कोपरा त्यासाठी राखून ठेवा. काच टाळा. प्लास्टिकची भांडी विरल नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवा, मग १८.२ मेगाओहमच्या पाण्यानं अनेकदा धुवा. फॉस्फेटच्या क्षारांत लोहाची भेसळ असते, म्हणून बफर चेलेक्स-१०० या धातू पकडणाऱ्या रेझिनमधून काढा. चेलेक्स कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही काढून घेतं. ते नंतर उच्च शुद्धतेच्या क्षारातून परत घाला आणि पीएच पुन्हा तपासा, कारण चेलेक्समुळे तो सरकतो. स्टीलचा स्पॅच्युला या कोपऱ्यात येऊ देऊ नका.

ट्रोफोझॉइट वेगळे करायला चुंबकीय स्तंभ फार सोयीचा. हिमोझॉइनमधलं फेरिक लोह अनुचुंबकीय असल्यानं पिकलेले परजीवी अडकतात आणि रिंग व रिकाम्या पेशी वाहून जातात. पण स्तंभाच्या आतलं भरण स्वतः लोहचुंबकीय असतं. म्हणून लागण नसलेल्या पेशी त्याच स्तंभातून, त्याच बफरनं, तेवढाच वेळ नेऊन बाहेर पडणाऱ्या द्रवातलं लोह मोजा. त्या ब्लँकशिवाय एकूण लोहाचा आकडा मी मान्य करत नाही.

एकूण लोहासाठी आयसीपी-एमएस (अणू त्यांच्या वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) असेल तर ५६ वस्तुमानाचं लोह थेट वाचू नका. आर्गॉन आणि ऑक्सिजन मिळून होणारा आयनही ५६ वरच येतो. कोलिजन सेल वापरा किंवा ५७ वाचा. यंत्र नसेल तर फेरोझिन (फेरस लोहाला बांधून रंग देणारा पदार्थ) चालेल: ५६२ नॅनोमीटरवर वाचायचं, मोलर शोषण गुणांक २७,९००. पण फेरोझिनला हीममधलं लोह दिसत नाही. नमुना आधी आम्लात पूर्ण पचवून, मग अॅस्कॉर्बेटनं लोह फेरस करून घ्यावं लागतं. पचवणं अर्धवट राहिलं, की हिमोझॉइन तसंच उरतं आणि ९५ टक्के लोह हिशेबाबाहेर जातं.

लेबाइल लोह

इथं सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रोब, म्हणजे मोजणीसाठी पेशीत घालायचा चमकणारा रेणू, कॅल्सीन-एएम. पेशीत शिरल्यावर एस्टरेज त्याचं टोक कापतात, कॅल्सीन आत अडकतं आणि लोह बांधलं की विझतं. मग पेशीत सहज शिरणारा किलेटर घालायचा, तो कॅल्सीनकडून लोह काढून घेतो आणि चमक परत येते. मोजायचं ते या परतीच्या उडीला. नुसती सुरुवातीची चमक मोजली, तर प्रोब किती भरला आणि लोह किती, हे वेगळं करता येत नाही.

अडचण अशी की लाल पेशीच्या स्वतःच्या द्रवातही एस्टरेज आहेत, त्यामुळे कॅल्सीन परजीवीत आणि यजमानात दोन्हीकडे भरतं. फ्लो सायटोमीटरवर दिसते ती दोघांची बेरीज. एक तर सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीभोवती सीमा आखून वाचा, नाहीतर सॅपोनिननं लाल पेशीचं आवरण उघडा, वरचा द्रव रंगहीन होईपर्यंत धुवा आणि मोकळ्या परजीवीत कॅल्सीन भरा. दुसऱ्या वाटेत हिमोग्लोबिनच्या गळतीचा धोका वाढतो, म्हणून मी शक्यतो पहिली घेते आणि दुसरी पडताळणीला ठेवते.

किलेटर निवडताना डेस्फेरॉक्सामिन, म्हणजे डीएफओ, इथं घेऊ नका. तो पाणीप्रेमी आहे आणि सावकाश शिरतो. मिनिटांच्या मोजणीत त्याची उडी दिसणार नाही. बायपिरिडिल, डेफेरिप्रोन किंवा एसआयएच घ्या. कॅल्सीन तांबं, कोबाल्ट आणि निकेल यांनीही विझतं. तेव्हा परतीची उडी लोहाचीच आहे असं ठामपणे म्हणायचं, तर रचनेनं वेगळे असलेले दोन किलेटर वापरा आणि दोघांची उडी जुळते का ते पाहा.

फेरस लोहासोबत पेटणारे नवे प्रोब आकर्षक आहेत, पण त्यांतले काही ५४० च्या आसपास उत्तेजित होऊन ५७० ते ५८० च्या आसपास चमकतात. ऑक्सिहिमोग्लोबिनचे शोषणाचे दोन पट्टे ५४१ आणि ५७७ नॅनोमीटरवर आहेत. हिमोग्लोबिन अर्धं पचवलेली पेशी केवळ तेवढ्यामुळे जास्त उजळ दिसेल. लागण नसलेल्या पेशींत प्रोब आणि ज्ञात लोह घालून हिमॅटोक्रिट (लाल पेशींचं प्रमाण) बदलत जा, म्हणजे ही चोरी किती मोठी आहे ते कळतं.

हीमचे तीन वाटे

मोकळं हीम आणि हिमोझॉइन वेगळं मोजण्याची पद्धत साधी आहे आणि तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला या विषयात सापडलेलं नाही. सॅपोनिननं परजीवी मोकळे करा, धुवा, मोजा. मग पाण्यात आणि ध्वनिलहरींनी फोडून सेंट्रिफ्यूज करा: वरच्या द्रवात न पचलेलं हिमोग्लोबिन. उरलेल्या गोळ्यात एसडीएस आणि पिरिडीन: मोकळं हीम विरघळतं. तरीही उरतं ते हिमोझॉइन. ते सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा. शेवटी तिन्ही वाट्यांतलं हीम पिरिडीनसोबतच्या रूपात आणून ४०५ नॅनोमीटरवर वाचा आणि हेमिनच्या (शुद्ध फेरिक हीमच्या) प्रमाणरेषेवरून दर परजीवीमागे किती हीम, किती लोह ते काढा. पिरिडीनचं सगळं काम धूर ओढणाऱ्या हूडमध्येच.

या चाचणीचा पॉझिटिव्ह कंट्रोल क्लोरोक्वीन. मात्रा वाढवत नेली की संवेदनशील स्ट्रेनमध्ये, समजा ३डी७ मध्ये, मोकळं हीम चढतं आणि हिमोझॉइन उतरतं. तुमच्या हातून ही दोन विरुद्ध रेषा नीट निघाल्याशिवाय नव्या औषधाकडे वळू नका. आणि आकडा नेहमी दर परजीवीमागे द्या. दर विहिरीमागे (प्लेटमधल्या खळग्यामागे) दिला, तर परजीवी मेले म्हणून हीम घटलं की पचन थांबलं म्हणून, हे कुणालाच सांगता येणार नाही.

डीसीएफची चमक आणि तिचा अर्थ

आता ज्या भागासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तो. एच२डीसीएफडीए, म्हणजे पेशीत ऑक्सिडाइज होऊन चमकणारं डीसीएफ देणारं रसायन, स्वस्त आहे, प्रत्येक प्रयोगशाळेत आहे, घातलं की हिरवं चमकतं, आणि 'आरओएस (ऑक्सिजनचे अभिक्रियाशील रेणू) वाढलं' असं लिहून लोक मोकळे होतात. लोहाच्या अभ्यासात हा निष्कर्ष टिकत नाही, आणि त्याचं कारण रसायनात आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड एकटं हा रंग ऑक्सिडाइज करत नाही. त्याला मध्ये पेरॉक्सिडेज, हीम किंवा मोकळं लोह लागतं. म्हणजे पेरॉक्साइड तेवढंच राहून फक्त लोह किंवा हीम वाढलं, तरी चमक वाढते. तुम्ही लोह बदलताय आणि मोजायचा प्रोब लोहावर चालतोय. कारण आणि परिणाम एकाच आकड्यात मिसळले.

वर, मधला रॅडिकल ऑक्सिजनशी संयोग पावून स्वतः सुपरऑक्साइड बनवतो, आणि उत्तेजनाचा प्रकाशही रंग पेटवतो. म्हणून डीसीएफ वापरायचंच असेल, तर मी एवढं मागते: पेशीविरहित विहिरीत रंग आणि तुमचं औषध, रंग आणि हेमिन, लागण नसलेल्या पेशींत रंग आणि औषध, आणि किलेटरच्या बाजूला लोहानं आधीच भरलेला किलेटर. या चारांत चमक हलली नाही आणि परजीवीत हलली, तर 'ऑक्सिडंटांची एकूण हालचाल वाढली' एवढं म्हणता येईल. कुठला ऑक्सिडंट, ते नाही.

सुपरऑक्साइडसाठी डायहायड्रोइथिडियम घेतात. त्याची लाल चमक दोन पदार्थांची बेरीज असते आणि त्यातला एकच सुपरऑक्साइडची खूण आहे. त्यांना वेगळं करायला एचपीएलसी लागतं. शिवाय ही चमक डीएनएला बांधल्यावर वाढते. लाल पेशीत डीएनए नाही, म्हणून सिग्नल परजीवीचाच येतो हा फायदा. पण शायझॉन्टमध्ये डीएनए कितीतरी जास्त असतो, म्हणून वय जुळलं नाही तर सुपरऑक्साइडऐवजी डीएनए मोजला जातो.

मेदाच्या ऑक्सिडेशनसाठी टीबीएआरएस ही चाचणी करत असाल, तर उकळण्याआधी बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारा पदार्थ) आणि डीएफओ घाला. नाहीतर हीम त्या गरम नळीतच मेद जाळतं. ग्लुटाथायोन ४१२ नॅनोमीटरवर वाचताना हिमोग्लोबिनचा मोठा शोषण पट्टा तिथंच, ४१५ वर आहे. प्रथिनं आधी सल्फोसॅलिसिलिक आम्लानं खाली बसवा.

जनुकात बसवलेले प्रोब

शक्य असेल तर थेट इथं या. परजीवीच्या पेशीद्रवात ग्लुटारेडॉक्सिन जोडलेलं आरओजीएफपी२ (ऑक्सिडाइज झाल्यावर चमक बदलणारं प्रथिन) व्यक्त करणाऱ्या फाल्सिपॅरम स्ट्रेनवरचं काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि या क्षेत्रातल्या बऱ्याच जुन्या वादांना त्यातून मोजता येण्याजोगं रूप मिळालं. ४०५ आणि ४८८ नॅनोमीटरवर आळीपाळीनं उत्तेजित करायचं, ५१० च्या आसपास वाचायचं. प्रोब ऑक्सिडाइज झाला की ४०५ ची चमक वाढते, ४८८ ची घटते. दोघांचं गुणोत्तर घेतल्यानं प्रोब कुठल्या पेशीत किती आहे याची फिकीर उरत नाही.

प्रत्येक दिवशी, प्रत्येक प्लेटवर दोन टोकं बांधून घ्या: १० मिलिमोलर डीटीटीनं पूर्ण रिड्यूस्ड, १ मिलिमोलर डायअमाइडनं पूर्ण ऑक्सिडाइज्ड. कालची टोकं आज चालत नाहीत. लेझर आणि दिवा बदलत असतात. गुणोत्तरावरून ऑक्सिडेशनचं प्रमाण काढताना दोन्ही टोकांच्या ४८८ च्या तीव्रतांचं गुणोत्तरही सूत्रात घालावं लागतं. ते गाळून सरळ रेषेनं टक्के काढले तर मधले सगळे आकडे चुकतात.

निरोगी परजीवीचा पेशीद्रव फार रिड्यूस्ड असतो, उणे ३१४ मिलिव्होल्टच्या आसपास. आरओजीएफपी२ चा मध्यबिंदू उणे २८०. म्हणजे सुरुवातीलाच बहुतेक प्रोब रिड्यूस्ड टोकाशी असतो. ऑक्सिडेशन वाढलं तर तो छान दाखवतो, पण तुमच्या किलेटरनं पेशी आणखी रिड्यूस्ड केली तर त्याला खाली जायला जागा फारशी नाही. 'बदल नाही' असा निकाल या दिशेनं आला, तर तो बदल नसल्याचा पुरावा समजू नका.

४०५ चा प्रकाश हिमोग्लोबिन खातं, हे इथंही विसरू नका. चुंबकीय स्तंभातून काढलेल्या ट्रोफोझॉइटवर, ठराविक संख्येनं, मोजा. स्तंभावर नेण्याआधी एन-इथाइलमॅलेइमाइडनं थायोल बंद केले, की प्रोबची अवस्था त्या क्षणाला थांबते आणि धुण्याच्या घाईत ती बदलत नाही.

हा प्रोब ग्लुटाथायोनचा समतोल सांगतो. थेट पेरॉक्साइड हवं असेल तर आरओजीएफपी२ ला ओर्प१ (पेरॉक्साइड ओळखणारं प्रथिन) जोडलेला प्रोब किंवा हायपर हा दुसरा प्रोब. हायपर पीएचला संवेदनशील आहे. त्याच्या जोडीला पेरॉक्साइड न ओळखणारा सायफर लावल्याशिवाय तो वापरू नये. आणि पचन-रिक्तिकेतलं आम्ल या प्रोबना सोसत नाही, त्यामुळे हीम सुटतं नेमकं त्या जागचं वाचन यांतून मिळणार नाही. पेशीद्रवाचा आकडा पेशीद्रवाचाच म्हणून लिहा.

बाहेरून पेरॉक्साइड देऊन ताण निर्माण करायचा असेल, तर एकदम ओतू नका. लाल पेशींतलं कॅटालेज ते पाहता पाहता संपवतं आणि परिणाम हिमॅटोक्रिटवर अवलंबून राहतो. ग्लुकोज ऑक्सिडेज थोड्या प्रमाणात घालून पेरॉक्साइड संथपणे तयार होऊ द्या, आणि आधी लागण नसलेल्या पेशींत तो वेग मोजून ठेवा.

किलेटरचे प्रयोग

डीएफओ परजीवीची वाढ रोखतो हे १९८२ पासून माहीत आहे; कल्चरमध्ये साधारण १० ते ५० मायक्रोमोलरच्या पट्ट्यात. पण तो मारतो कशानं? रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजला लोह लागतं, त्याविना डीएनए बनत नाही. एपिकोप्लास्ट (परजीवीतला हरितलवकासारखा कप्पा) आणि मायटोकाँड्रियातल्या लोह-गंधक समूहांना लोह लागतं. म्हणून किलेटरनं परजीवी मेला, याचा ऑक्सिडेटिव्ह ताणाशी आपोआप काही संबंध लागत नाही. संबंध दाखवायचा तर आधी रेडॉक्स बदल आणि नंतर मृत्यू असा वेळेचा क्रम दाखवा, आणि तो बदल वेगळ्या मार्गानं पुसल्यावर परजीवी वाचतो का ते पाहा.

लोहानं भरलेला डीएफओ हा सगळ्यात प्रामाणिक कंट्रोल. एका डीएफओला एकच लोह लागतं. फेरिक क्लोराइड विरल हायड्रोक्लोरिक आम्लात ताजं विरघळवा आणि डीएफओच्या ०.९ पट एवढंच घाला, म्हणजे मोकळं लोह उरणार नाही. नारिंगी-तांबूस रंग येतो आणि ४३० नॅनोमीटरजवळ शोषण वाढतं. ते वाचून मगच वापरा. याच मिश्रणानंही तसाच परिणाम झाला, तर तुमचा परिणाम लोह काढून घेतल्याचा नाही. डेफेरिप्रोन घेतलात तर एका लोहाला तीन रेणू, डेफेरासिरॉक्सला दोन. मात्रांची तुलना रेणूंच्या संख्येवर न करता लोह बांधण्याच्या क्षमतेवर करा. उलट बाजूनं लोह वाढवायला फेरिक अमोनियम सायट्रेट वापरतात. त्याच्या शेजारी तेवढंच अमोनियम सायट्रेट, लोहाविना, असायलाच हवं.

आर्टेमिसिनिनसोबत काम करणाऱ्यांनी विशेष जपावं. त्याचा पेरॉक्साइड पूल फेरस लोह किंवा हीममुळे फुटतो आणि मगच औषध सक्रिय होतं. किलेटर सोबत दिले तर औषधाचा जोर घटतो, आणि हिमोग्लोबिनचं पचन रोखलं तरीही घटतो. केल्च-१३ या जनुकातल्या उत्परिवर्तनांनी हिमोग्लोबिन आत घेणंच मंदावतं, आणि हे परजीवी रिंग अवस्थेत तग धरतात. त्यामुळे प्रतिकारक आणि संवेदनशील स्ट्रेनची तुलना करताना लोह, हीम आणि सक्रिय झालेलं औषध हे तिन्ही एकदम बदललेले असतात. रिंग-जगवणूक चाचणीची मुदत काटेकोर पाळा: ० ते ३ तासांच्या रिंग, ७०० नॅनोमोलर डायहायड्रोआर्टेमिसिनिन, ६ तास, मग धुवून ७२ व्या तासाला मोजणी. किलेटर त्या ६ तासांतच होता की पुढेही राहिला, हे स्पष्ट लिहा. पुढे राहिला तर तो स्वतःच वाढ रोखेल.

बशीतल्या निकालावरून माणसाला लोह द्यावं की काढावं, असं वाक्य लेखात टाकण्याचा मोह होतो. टाळा. डीएफओ कल्चरमध्ये परजीवी मारतो. झांबियातल्या मुलांवरच्या, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो मिळालेली मुलं बेशुद्धीतून लवकर बाहेर आली, पण पुढच्या मोठ्या चाचणीत मृत्यू घटले नाहीत. उलट दिशेला, झांझिबारच्या पेंबा बेटावर लहान मुलांना लोह आणि फॉलिक अॅसिड सरसकट देण्याच्या चाचणीत गंभीर आजार आणि मृत्यू वाढलेले दिसले. ते निष्कर्ष २००६ मध्ये आले आणि त्यानंतर मलेरियाग्रस्त भागांत लोह द्यायचं तर मलेरियाचा प्रतिबंध आणि उपचार सोबत हवेत, असा सल्ला रूढ झाला. या मुलांच्या शरीरात हेप्सिडिन (लोहाचं शोषण आवरणारं संप्रेरक) होतं, प्रतिकारशक्ती होती, इतर संसर्ग होते, आतड्यातलं लोह होतं. तुमच्या विहिरीत यातलं काही नाही.

मांडणी आणि नोंद

एकाच कल्चरच्या तीन विहिरी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळा आठवडा, वेगळा दाता, नव्यानं समकालीन केलेलं कल्चर, असं किमान तीनदा झाल्यावर मी आकडेवारी काढायला देते. कॅल्सीन, डीसीएफ, आरओजीएफपी२ आणि सायबर ग्रीन (डीएनएचा रंग) हे सगळे हिरव्या खिडकीतले. एका नमुन्यात दोन घालू नका. प्लेटच्या कडेच्या विहिरी बफरनं भरून ठेवा आणि औषधांच्या जागा दर वेळी बदला. स्मिअर मोजणाऱ्याला स्लाइडवर फक्त क्रमांक दिसू द्या.

निकाल लिहिताना वाक्यात पाच गोष्टी आल्या पाहिजेत: लोहाचं कुठलं रूप, पेशीचा कुठला कप्पा, परजीवीचं वय तासांत, प्रोब कुठला, आणि लोहानं भरलेल्या किलेटरसोबत काय झालं. 'औषधानं ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवला' असं न लिहिता असं लिहा: '३० ते ३४ तासांच्या ट्रोफोझॉइटमध्ये औषधानंतर दोन तासांनी पेशीद्रवातला ग्लुटाथायोन-प्रोब ऑक्सिडाइज झाला, डीएफओ आधी दिल्यास हा बदल घटला, लोहानं भरलेल्या डीएफओनं घटला नाही, त्याच वेळी दर परजीवीमागचं मोकळं हीम बदललं नव्हतं.' वाक्य लांब होतं, पण दुसऱ्या प्रयोगशाळेतला माणूस ते वाचून उद्याच प्रयोग लावू शकतो. मूळ तीव्रतांच्या फाइली, दोन्ही टोकांच्या वाचनांसकट, गुणोत्तरांच्या शेजारीच जपून ठेवा. परीक्षक मागतील तेव्हा गुणोत्तरावरून त्या परत काढता येत नाहीत.